भिंतीवरच्या कागदी आया

आमची शाळा दोन बाईंची. लासुर्ण्याच्या पुढे, चारी बाजूंनी ऊस. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी जूनमध्ये बारामतीहून आलेल्या नव्या बाईंकडे. पंचविशीच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगून टाकलं, "मला मॅडम नको, बाई नको, ताई म्हणा." झालं, आठवड्याभरात शाळेत ताईंशिवाय पान हलेना. माझी मुलगी दुसरीत, म्हणजे त्यांच्याच वर्गात. तिचं तर विचारूच नका. मला ते अजिबात आवडलं नाही.

कारण मला ती शाळेत "बाई" म्हणते. हा नियम मीच घातलेला. पहिलीत असताना ती भर वर्गात येऊन माझ्या मांडीवर बसायची आणि बाकीची पोरं तोंडं पाडून बघायची. तेव्हा समजावलं होतं, फाटकाच्या बाहेर आई, आत बाई. शिक्षकांची पोरं शाळेत आईला बाईच म्हणतात, त्यात काही नवल नाही. पण तिने नियम असा पाळला की शाळेतली बोलीसुद्धा वेगळी केली. घरी 'नाही' म्हणणारी पोर फाटकातून आत आली की 'न्हाय' म्हणते. तर मी बाई, आणि काल आलेली ती ताई. जवळची कोण झाली, तुम्हीच सांगा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुलांच्या आया शाळेत येतात. या वर्षी मी ठरवलं, प्रत्येकाने आपापली आई कागदातून कापायची आणि भिंतीवर लावायची. खाली नाव लिहायचं नाही. आयांनी यायचं, स्वतःला ओळखायचं आणि त्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. दोन्ही वर्ग व्हरांड्यात बसवले. घोटीव कागदाची घडी घालायची, घडीच्या कडेला अर्धी बाई काढायची, कापून उलगडली की पूर्ण. दहादा सांगूनही निम्म्या पोरांनी घडीच कापली. एक जण दोन तुकडे घेऊन रडवेला होऊन आला, "बाई, माझी आई अर्धी अर्धी झाली."

त्याला नवा कागद देत होते, पण लक्ष कोपऱ्यात होतं. तिथे ताईंनी माझ्या मुलीला पुढ्यात घेतलं होतं. तिच्या हातावर हात ठेवून कात्री चालवत होत्या, आणि तिचं डोकं त्यांच्या हनुवटीखाली. अशी ती घरी माझ्या पुढ्यात बसते. माझा नुसता जळफळाट झाला.

"ताई, मुलांना स्वतः कापू द्या की," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"कापतेच आहे ती, बाई. वळणावर तेवढी अडली होती," असं म्हणून त्यांनी हात काढून घेतला. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिचा खाऊ हिसकावला.

सगळं चिकटवून झाल्यावर मी भिंतीसमोर उभी राहिले. एका आईच्या हातात खुरपं होतं, एकीच्या कानाला मोबाइल. किराणा दुकान चालवणाऱ्या आईच्या डोक्यावर ओढणी आणि हातात तराजू होता. तिच्या पोरीने तराजूच्या साखळ्यासुद्धा कापल्या होत्या. मी साडी, अंबाडा आणि चष्मा शोधत होते. माझ्या मुलीचा कागद सापडला तो गुलाबी, पायघोळ. साडी नव्हेच. आणि डोक्याला पांढरं काहीतरी गुंडाळलेलं.

ताई स्कुटीवरून येतात ते डोक्याला पांढरा स्कार्फ बांधून. त्यांचा गुलाबी ड्रेस तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आई काप म्हटलं, तर पोरीने ताई कापून ठेवली होती.

घरी जाताना गाडीवर मी तिच्याशी धड बोलले नाही. ती मागे बसून बडबडत होती, त्यातही ताईच. ती कोण कापलीस, एवढंच विचारायचं होतं. पण ताई म्हणाली तर काय करायचं, म्हणून विचारलंच नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी आया नटूनथटून आल्या, एकमेकींना ढकलत, हसत आपापल्या कागदाखाली उभ्या राहिल्या. शेवटी तो गुलाबी कागद तेवढा उरला. तराजूवाली म्हणाली, "ह्या तर ताईच की. स्कार्फ बघा." सगळ्या हसल्या. ताई लाजल्या. मीही हसले, पण कशी हसले ते माझं मला माहीत.

तेवढ्यात माझी मुलगी पुढे आली. "ही ताई न्हाय. ही माझी आई हाय. डोक्याला टॉवेल गुंडाळती आन् गाऊन घालून भाकऱ्या करती."

आता तर हसण्याचा कल्लोळ झाला. माझा गुलाबी गाऊन चारचौघींत आला, पण मला लाज वाटली नाही. उलट इतकं हलकं वाटलं की हातातला तिळगुळाचा डबा तसाच घेऊन मी त्या कागदाखाली जाऊन उभी राहिले. मुलीने माझा पदर ओढला. मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, तुमी हितं नगा उभं राहू. ही आईची जागा हाय."

"मग आई कुठाय?"

"ती न्हाय येणार," ती म्हणाली. "तिला शाळा असती."

मी बाजूला झाले आणि तिळगूळ वाटायला लागले. ताईंच्या हातावर ठेवताना त्यांच्याबद्दल काहीच वाटेना. सगळा हेवा आता त्या टॉवेल गुंडाळलेल्या बाईचा वाटत होता. ती भिंतीवर होती, आणि माझी पोर तिच्याखालची जागा राखत कार्यक्रम संपेपर्यंत उभी होती.