दादाच्या फटफटीचं रुंद चाक

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं असेल. कर्जतला भिसेगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि एका सकाळी दादा फटफटी ढकलत दारात आला. "पुढचं चाक बदल," म्हणाला. "बारीक हाय. चिखलात सुरीसारखं रुततंय."

(आता माझी शंभरी जवळ आलीय. सांगतोय मी, टाइप करतेय नात... चुका तिच्या.)

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पलटणीत ब्रह्मदेशाच्या बाजूला फटफटीवरून निरोप पोचवायचं काम करायचा. परत आल्यावर लष्करी भंगारातून एकेक भाग जमवून आम्ही दोघांनी ही फटफटी उभी केली होती... टाकी एकीची, इंजिन दुसरीचं. तिच्याच जोरावर त्याला खोपोलीच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. कागदपत्रं घेऊन खालापूरच्या आसपास जिथे बांधकामं चालली होती तिथे पोचवायची. डांबरी रस्ता सोडला की सगळा भातशेतीचा चिखल.

मी भंगारातूनच एक रुंद रिम शोधली. हब जुनाच ठेवला, नवे आरे ओवले, वर जाडजूड टायर चढवला. तो पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात कसाबसा मावला, दोन्ही बाजूंना बोटभर जागा. मडगार्ड मात्र लोहाराकडून थोडं वर बसवून घ्यावं लागलं. फटफटी एकदम रुबाबदार दिसायला लागली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार दिवसांनी दादा परत. "उजवीकडं वढतीय रं."

मी चाक फिरवून पाहिलं. सरळ. चिमट्याच्या मधोमध. तरी आरे पुन्हा ताणले, हवा थोडी कमी केली. स्वतः चालवत चौक गावाच्या रस्त्याला लांबवर जाऊन आलो... कुठेही ओढत नव्हती. हँडल जरा जड झालं होतं इतकंच, पण रुंद टायरला ते व्हायचंच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी चाक काढलं, बेअरिंग बदललं, चिमटा दोरी लावून मोजला. ओळखीच्या एका लॉरी ड्रायव्हरला चालवायला दिली. तो म्हणाला, "झकास हाय की." दादा चालवायला बसला की मात्र उजवीकडे... माझं डोकं चालेना. एकच फटफटी, एकच रस्ता, मग माणूस बदलला की चाक बदलतं का? रात्री झोपेतही मी आरे मोजत होतो.

मग एक दिवस नको ते झालं. लोधिवलीत, आमच्या गावी, घराकडे वळताना गाडीला चाकोरीत हिसका बसला आणि दादा सरळ उजवीकडच्या बांधावर गेला. तिथे गवताचा भारा घेऊन शेजारची काकू उभी होती. भारा टाकून ती बाजूला झाली म्हणून वाचली. दादा तशीच फटफटी दुकानात घेऊन आला. काय झालं ते त्याने दारातच सांगितलं.

"हे चाक मी आज मोडूनच टाकतो," मी म्हणालो. गाडी ठोकळ्यावर चढवली आणि दादाला हँडल घट्ट धरायला सांगून पुढून चाक जोरात हलवलं. हँडल गर्रकन उजवीकडे फिरलं. मी वर पाहिलं... उजव्या हाताची मूठ आवळलेली होती, डाव्या हाताची बोटं आपोआप उघडली होती.

पुन्हा हलवलं. पुन्हा तसंच.

"दादा, हात कधीपासून असा आहे?"

त्याने डावी बाही वर सारली. खांद्याजवळ लढाईतल्या जखमेचा व्रण होता, आणि तिथून खाली दंड दुसऱ्या दंडाच्या निम्मा.

"बारीक चाकावर कळत नव्हतं रं," तो म्हणाला. "एका हातानं निभायचं. मला वाटलं, होईल बरा."

चाक तर चांगलं निघालं... पण आनंद कसा मानायचा? हे चाक बसवलं नसतं, तर तो अजून हात बरा होईल असंच समजून लपवत राहिला असता. आणि बसवलं म्हणून काकूचा जीव जाता जाता राहिला.

शेवटी मी हँडल दोन्ही बाजूंना वीतभर लांब करून घेतलं. त्यामुळे जोर कमी लागायला लागला आणि उजव्या हाताने गाडी सांभाळता यायला लागली. तरी महिनाभर मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही, मागे बसून गेलो. कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हातातला जोर एवढाच राहणार.

आईला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. दादा म्हणाला, मीच सांगतो. मग चुलीपाशी बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"आडावर पानी शेंदताना तू दोर दातात धरतोस," ती म्हणाली. "मला दिसत नाय काय? आल्यापासनं बघतीय."

"मग बोलली का नाय?" दादाने विचारलं.

"तू सांगशील म्हनून थांबले व्हते रं."

तिने त्याच्या पानात भाकरी वाढली, तिचे चार तुकडे केले आणि मगच हात धुतले. पुढे ती फटफटी त्याने बरीच वर्षं चालवली... आणि मी मात्र त्या दिवसानंतर दुकानात कोणी तक्रार घेऊन आलं की आधी त्याला बसायला सांगायचो, पाणी द्यायचो, मग गाडीकडे बघायचो.