फोनवर सांगता येत नाही

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक तक्रार घेऊन येतात, तक्रार मिटते आणि किस्सा माझ्याकडे राहतो. आमची नांदेडची बियाण्याची कंपनी, मालक शिवलिंगअप्पा, लातूरला एक शाखा, आणि सर्व्हर म्हणजे माझ्या टेबलाखालचा डबा.

पूर्वी या सर्व्हरवरून मेल पाठवायचा तर ऑफिसातच बसावं लागे. हदगावचे आमचे प्रतिनिधी कांबळे दोन ओळींच्या मेलसाठी एसटीनं नांदेडला यायचे. एकदा मेल टाकून निघाले आणि दारातूनच वळले. "सर, अटॅचमेंट हदगावलाच राहिली."

* * *

अप्पा म्हणाले, "सगळ्यायला मोकळं करून टाक."

ओळख न विचारता सर्व्हरचं दार उघडं ठेवलं तर कोणीही शिरेल, असं मी सांगून पाहिलं.

"दुकानात येणाऱ्याला आपुन नाव इचारतो का?"

केलं मोकळं. तीन दिवसांत जगभरच्या भामट्यांनी आमच्या सर्व्हरवरून लॉटरीची पत्रं वाटली. आम्ही काळ्या यादीत गेलो, आमचे खरे मेलही परत येऊ लागले. अप्पांनी त्यातलं एक पत्र नीट वाचलं. "लोकायला लॉटरी वाटून राहिलो, अन् आपल्या हापिसात एकालाबी न्हाई?"

मग चष्मा काढून म्हणाले, "बालाजी, परत असं झालं तर हे काम पुण्याच्या कंपनीला देतो. मंग तुझं इथं काय काम?" मी खरंच घाबरलो. घरात कमावणारा मी एकटाच.

* * *

मग प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. तो टाकला की कुठूनही मेल पाठवा. लातूरच्या बिराजदार मॅडमनी आपला पासवर्ड शेजारच्या साड्यांच्या दुकानात देऊन ठेवला. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाल्या, "आपल्या शाखेची किल्लीबी त्यांच्याकडंच असते की."

बदलायला लावला. संध्याकाळी त्यांचा फोन. "बदलला. शेजारी कळवलाबी."

तेव्हा नियमच केला. पासवर्ड ज्याचा त्याला, समोरासमोर. फोनवर कोणालाही नाही. खाली अप्पांची सही घेतली.

* * *

दिवसाला पन्नासच मेल, अशी मर्यादाही घातली. एका दुपारी कांबळ्यांच्या नावावरून धडाधड मेल सुटले आणि सर्व्हरनं त्यांना भामटा समजून अडवलं. मी धसकून फोन लावला. मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवत होते.

"सर, पन्नास पाव्हण्यात लग्न होतं का?"

* * *

एकदा अप्पा उदगीरला पाहुण्यांकडे गेले होते. चार वाजता त्यांचा फोन आला. देगलूरच्या मोठ्या व्यापाऱ्याला पाचच्या आत मेलवर दरपत्रक जायला हवं होतं, आणि अप्पा पासवर्ड विसरले होते.

"मला व्हॉट्सॲपवर टाका, मी इथून पाठवतो," मी म्हणालो.

"माझे दर मी कोणाला दाखवत न्हाई. नवा पासवर्ड सांग."

"अप्पा, फोनवर सांगता येत नाही. नियम आहे."

"नियमावर सही कोणाची हाय?"

"तुमचीच."

फोन कट झाला. दरपत्रक गेलं नाही, ऑर्डर दुसऱ्याला गेली.

सकाळी मी ड्रॉवर आवरूनच बसलो होतो. अप्पा आले आणि सगळ्यांसमोर माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"काल चारच्या सुमाराला कोणतरी माझ्या आवाजात तुला पासवर्ड मागून राहिलता म्हणं."

मी उठून उभा राहिलो.

"दिला न्हाईस, बरं केलास," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून समोर बसले. "आता माझा नवा करून दे."