अक्काची ट्रॅक्टरवाली नोट

जुन्या नोटा जमवतो म्हणून श्रीरामपुरात लोक मला अर्धा वेडा समजतात. त्याचं मला काही वाटत नाही. संताप येतो तो मोबाईलवरच्या भामट्यांचा. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर दिसला की "अठरा लाख मिळतील" असं छातीठोक सांगतात. जिभेला हाड नाही त्यांच्या.

शेवगावकडं दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तसलाच व्हिडिओ पाहिला, त्यातल्या माणसाला फोन लावला आणि मग मला बोलावून घेतलं. फडक्यात गुंडाळलेली नोट तिनं देव्हाऱ्यातून काढली. ट्रॅक्टर होता, नंबराच्या शेवटी ७८६ होता. मी नोट उजेडाकडं धरली, कोपरे पाहिले, मधली घडी पाहिली. असल्या नोटा सरकारनं ढिगानं छापल्या होत्या. आठवडी बाजारात भाजीवालीच्या पिशवीत अजूनही एखादी निघते.

"अक्का, ही पाच रुपयांचीच नोट आहे. कोरी असती तर या नंबरासाठी एखाद्या हौशी माणसानं शे-दोनशे दिले असते. आता पन्नास आले तरी खूप."

तिनं नोट माझ्या हातातून काढून घेतली. "पन्नासाला मागतोस व्हय रं? सख्ख्या भनीला?"

मी मागितलीच नव्हती! निम्मं आयुष्य नोटा पारखण्यात घातलं ते मातीत गेलं. फोनवर "ताई, ताई" करणारा कोण कुठला तो खरा, आणि पाठचा भाऊ टपून बसलेला. मी चहासुद्धा न घेता उठलो.

पुढं व्हायचं तेच झालं. त्या माणसानं आधी नोंदणीची फी मागितली, मग टॅक्स, मग आणखी कसला तरी खर्च. अक्कानं दोन शेळ्या विकल्या आणि सुनेच्या मोबाईलवरून पैसे पाठवले. त्यानंतर त्याचा नंबर लागेनासा झाला. पोलिसांत चल म्हणून मी तिच्या हातापाया पडलो. "गावात हसं करतोस का माजं?" म्हणाली आणि जागची हलली नाही. वर मलाच ऐकवलं, "तुज्या तोंडून पाच रुपये निगालं, तवाच माशी शिंकली."

माझ्या तोंडून! अंगाची नुसती लाही झाली. तरी भाऊबिजेला गेलो. बहिणीवर राग धरून धरणार किती? तिनं ओवाळलं, मी ताटात ओवाळणी टाकली, दोघंही बऱ्यापैकी हसलो. मग देवाला नमस्कार करावा म्हणून देव्हाऱ्याकडं वळलो. तोच अक्का लगबगीनं मला ओलांडून पुढं गेली, फडक्याची गुंडाळी उचलली आणि कमरेला खोचली.

"अक्का, मी चोर आहे का गं?"

"न्हाई रं," ती म्हणाली. "पर आपलं जपल्यालं बरं."