मोडेमला दाखवलेला ऊद

ऊदाचा वास आला की लोकांना देवघर आठवतं, मला मोडेम आठवतो. घरात ब्रॉडबँड नवीन आलं होतं. लेक परदेशात बाळंत झालेली, नातीचं तोंड कॉम्प्युटरवरच दिसणार होतं. लेक आधी फोन करायची, "आई, समोर बस," पण रिंग वाजली रे वाजली की नेट बंद! यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, हे रुसलेत, एकटीच नात बघते म्हणून. शाळेत विज्ञान शिकवणारी मी शहाणी, मोडेमला ऊद दाखवून वर मीठ-मोहरीनं त्याची दृष्टही काढली! शेवटी लाइनमन आला आणि वायरीचा माग काढत यांच्या बंद खोलीपाशी थांबला. "काकी, आत आणि एक फोन हाय की! त्याला फिल्टर न्हाय, म्हणून रिंग आली की नेट पडतंय. काढून टाकू?" आजारपणात लेकीशी पडल्या पडल्या बोलायला यांनीच तो उशाशी बसवून घेतला होता. खोलीला कुलूप लावलं तशी मी त्याला विसरलेच होते. म्हटलं, "काढू नको बाबा, फिल्टर लाव." नात दिसली, नाक थेट यांचं. आता लँडलाइन गेली, फोन मात्र उशाशीच आहे. वायफाय अडखळलं की मी अजून त्या दारात जाऊन म्हणते, "बघून झालं असेल तर ठेवा आता."