पळसदेवच्या तात्यांनी निवडलेलं लिनक्स

"मॅडम, तुमचं लिनक्स मेलं."

दसऱ्याची दुपार होती. माझ्या ताटात श्रीखंड, हातात पुरी आणि कानाला फोन. पलीकडे पळसदेवचा दत्ता. बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. गिऱ्हाईक नुसतं 'बंद पडलं' म्हणालं तर जेवून निघावं. 'तुमचं बंद पडलं' म्हणालं तर ताट झाकून निघावं.

"मेलं म्हणजे काय? स्क्रीनवर काही लिहून आलं का?"

"लिहून न्हाय आन् काय न्हाय. चालू हुतं, बरं चालतं, आन् मधीच खटकन काळं. सकाळपासनं ह्योच खेळ चाललाय."

मागून वैशालीचा, त्याच्या बायकोचा आवाज आला. रडवेला. "मॅडम, उद्या सकाळी माझी ट्रायल आहे हो!"

"माहितीये ग बाई मला. निघालेच," म्हणाले आणि खरंच ताट झाकलं. नवरा म्हणाला, "अगं, आज दसरा!" मी म्हटलं, "तिचा उद्या आहे."

आता हे प्रकरण काय ते सांगते.

वैशाली बी.कॉम. झालेली, इंदापूरच्या कॉलेजातून. लग्नानंतर घर, गोठा, ऊस यात ती गुंतली, पण डोकं काही गप्प बसेना. तिला एका कंपनीत घरबसल्या काम मिळत होतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर मराठीतून उत्तरं द्यायची, कंपनीला दिसावं म्हणून कॅमेरा चालू ठेवून. काम सगळं ब्राउझरमध्ये, म्हणजे आपण ज्यातून वेबसाइट उघडतो त्यात. अट एकच होती. कॉम्प्युटरला सुरक्षेचे अपडेट चालू पाहिजेत. तिच्या घरचा डेस्कटॉप जुना. त्यातल्या विंडोजचे अपडेट बंद झालेले, आणि नवीन विंडोज त्या मशीनवर बसत नव्हतं. नवीन मशीन घ्यायचा तर विषयच नव्हता.

"मग माझं काम गेलंच म्हणायचं," ती दुकानात म्हणाली होती.

मी जवळजवळ ओरडलेच, "गेलं कशाला? लिनक्स टाकू!"

इथं माझा आवाज चढतो, ते तुम्ही समजून घ्या. लिनक्स म्हटलं की माझ्या अंगात येतं. विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं, तसंच लिनक्सही चालवतं. फरक एवढाच की ते फुकट आणि उघडं असतं, कुणीही घ्यावं, आपल्याला हवं तसं करावं. म्हणून त्याचे प्रकारही ढीगभर. प्रत्येक प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. मसाला तोच, पण घराघरांत आमटी वेगळी, तसं. नवख्या माणसाला कोणती आमटी वाढायची, हा खरा प्रश्न. इंटरनेटवर त्यावर लोक हातघाईला येतात. मी येत नाही. मी घरी जाते आणि घरातल्या सगळ्यात नवख्या माणसापुढं मशीन ठेवते.

या घरात तो माणूस म्हणजे तात्या, वैशालीचे सासरे. हयात मेंढरांमागं गेलेली, आता गुडघे धरले म्हणून बसून. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, तात्यांची बाजही तिथंच. रोज सकाळभर सून त्यांच्यासमोर कॅमेऱ्यापुढं बसणार, पाहुण्यारावळ्यांना चहा कोण करणार, हा सगळा मामला तात्यांच्या हो-नाहीवर होता. आणि तात्या काही बोलायला तयार नव्हते.

"विचारलं की 'बघा तुमचं तुमी' म्हणतात," वैशालीनं मला हळूच सांगितलं. "त्याचा अर्थ हो की नाही, ते यांनासुद्धा कळत नाही. मॅडम, काम मिळालं आणि तात्या नको म्हणाले, तर मी नाही करू शकणार."

तर दसऱ्याच्या आधी मी पळसदेवला गेले होते. सोबत तीन पेन ड्राइव्ह, प्रत्येकात एक डिस्ट्रो. लिनक्सची गंमत ही की कॉम्प्युटरमधलं काही न पुसता ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. बाजारात शेंगा घेण्याआधी एक फोडून तोंडात टाकतो ना, तसं. दत्ताचा पुण्यातला चुलतभाऊ फोनवर सांगत होता, "कशाला ती भानगड? जुनं विंडोजच क्रॅक करून देतो." क्रॅक म्हणजे चोरीचं. मी दत्ताला म्हटलं, "चोरीच्या मालाला अपडेट कुठून येणार? कंपनी दारातूनच परत पाठवेल."

तात्यांना खुर्चीत बसवलं. डोक्याला पटका, हातात माउस, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

पहिला पेन ड्राइव्ह फेडोराचा. मला स्वतःला फार आवडतो. स्वच्छ, मोकळा, पडद्यावर काहीच नाही. तात्या बघत बसले. मग म्हणाले, "दुकान उघडलंय, पर माल कुटं हाय?"

दुसरा उबुंटूचा. यात डाव्या बाजूला चिन्हांची उभी रांग असते. तात्यांनी सगळी रांग वरून खाली बघितली, खालून वर बघितली. "चांगलं हाय," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला. चांगलं आहे म्हणून माणूस हात काढून घेतो तेव्हा समजायचं, पाहुणा जेवला पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

तिसरा मिंटचा. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, कोपऱ्यात घड्याळ. भाषा मी मराठी करून ठेवली होती. तात्यांनी माउस सरकवत सरकवत कोपरा गाठला, दाबलं, आणि यादी उघडली. "इंटरनेट," त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. तिथं दाबलं. ब्राउझर उघडला. मी व्हिडिओची वेबसाइट काढून दिली, आणि मग बिरोबाच्या ओव्या लावून दिल्या. ढोल घुमला. तात्यांची मान हलायला लागली, अहो, तो माणूस हसला! वैशाली दारातून बघत होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

"परत बंद करा, आन् मला पयल्यापासनं करू द्या," तात्या म्हणाले.

केलं. चालू करण्याच्या बटणापासून, माझं बघून ठेवल्याप्रमाणे एकेक अक्षर दाबत, ओव्यांपर्यंत, एकट्यानं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. डिस्ट्रो ठरला! मग मशीन दुकानात आणलं, साफ केलं, जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी टाकली, मिंट बसवलं, मराठी टायपिंग जोडलं आणि परत नेऊन दिलं. वैशालीनं कंपनीची तपासणी तिथल्या तिथं पास केली. आता फक्त ट्रायल उरली होती. अर्धा दिवस कॅमेऱ्यासमोर बसून खरं काम करून दाखवायचं.

आणि आता हा फोन.

भिगवणपर्यंत स्कूटी अशी पळवली की रस्त्यातल्या झेंडूवाल्यांनी वळून बघितलं असेल. पुढं हायवे. डोक्यात एकच घोळ. लिनक्स असं मरत नाही. बिघडलं तरी काहीतरी लिहून दाखवतं, कुरकुरतं. खटकन काळं होणं म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, ते वीज नाहीतर उष्णता. पण हे मशीन मी स्वतः उघडून, झटकून, पंखा फिरवून दिलेलं. मग?

पळसदेवला पोचले तर खोलीत सगळं घर जमलेलं. दत्ता नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टात, हातात मोबाईल, मोबाईलवर पुण्याचा चुलतभाऊ. तात्या बाजेवर, भिंतीकडे तोंड करून.

"फुकटचं असंच असतंय," चुलतभाऊ स्पीकरवर सांगत होता. "मी रात्रीपर्यंत येतो, जुनं विंडोज टाकून देतो."

"आन् ट्रायल?" वैशालीनं विचारलं.

"ट्रायलचं बघू की मग."

"काय बघू?" मी पायऱ्यांवरूनच ओरडले. "आधी मला बघू द्या!"

मशीन चालू केलं. मिंट झकास उघडलं. वैशालीला म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव. लावला. मी टेबलाखाली वाकून डब्यावर हात ठेवला. डबा म्हणजे सीपीयूचं कपाट, सगळी यंत्रणा असते ते. हात झटकन मागं घेतला. तवा! आणि पंख्याचा आवाजच नाही. तेवढ्यात खटकन स्क्रीन काळा.

"बघा!" दत्ता म्हणाला.

"बघितलं. लिनक्स मेलेलं नाही, जीव वाचवायला झोपलंय. प्रोसेसर तापला की मशीन आपणहून बंद होतं, जळू नये म्हणून. पंखा अडकलाय आत. डबा अंगणात घ्या."

अंगणात डबा ठेवला, स्क्रू काढले, बाजूचं पान उघडलं. आणि सगळे आत वाकले.

आत पिवळं. नुसतं पिवळंधमक! पंख्यावर पिवळं, तारांवर पिवळं, रॅमच्या पट्टीवर पिवळं. आणि पंख्याच्या पात्यात झेंडूची एक जाडजूड पाकळी घट्ट अडकलेली.

वैशाली म्हणाली, "हा तर भंडारा आहे."

भंडारा म्हणजे देवाची हळद. बिरोबाच्या नावानं मुठीमुठीनं उधळायची असते.

आम्ही सगळ्यांनी वळून घराकडे बघितलं. तात्या उठून दारात आले होते, पटका हातात घेऊन. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळेत खोडी करताना पकडलेल्या पोरासारखा.

"काल खंडेनवमी व्हती," ते म्हणाले. "तुमी दोघं इंदापूरला बाजाराला गेल्यालं. म्या हत्यारं मांडली. कोयता, खुरपं, ट्रॅक्टरची चावी, माजी काठी. मंग ह्ये बी पुजलं. चालू केलं, ओव्या लावल्या, वर जाळीवर भंडारा वाह्यला, फूल ठिवलं. नंतर समदं पुसून काढलं, कुनाच्या हाताला लागू नये म्हून." मग डब्याकडे बघून, "म्हंजी मीच मारलं व्हय ते?"

दत्ता काहीतरी बोलणार होता. पण वैशाली पुढं झाली. "तात्या, तुम्ही कॉम्प्युटरची पूजा केलीत? हत्यारांत मांडून?"

"मंग?" तात्यांचा आवाज एकदम चढला. "ज्याच्यावर घर खातंय ती हत्यारं पुजायची. सुनंचं हत्यार तेवढं बाजूला ठिवायचं व्हय?"

वैशाली मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. हसतही होती. मागच्या खंडेनवमीला तोच डबा तिथंच होता आणि कुणी त्याला बोट लावलं नव्हतं, कारण तेव्हा ती करमणूक होती. घरातली हत्यारं त्या दिवशी एकत्र पुजली जातात आणि तात्यांनी तिचं त्यात मांडलं होतं. इतके दिवस ज्या उत्तराची ती वाट बघत होती, ते हे इथं, पंख्यात अडकून बसलेलं. मीही डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

पण मला काम होतं. चिमट्यानं पाकळी काढली. ब्रश फिरवला. मग ब्लोअर लावला, आणि हो, कुणाला बाजूला व्हा म्हणायचं राहून गेलं. भंडाऱ्याचा असा लोट उठला की अंगण, तुळस, दत्ताचा पांढरा शर्ट, मी, सगळं पिवळं. तात्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि पुण्याचा चुलतभाऊ मोबाईलवरून विचारत राहिला, "काय झालं? काय झालं?"

दत्तानं शर्टाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, "तू नको येऊ. झालं आमचं."

प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली, पंखा बोटानं फिरवून बघितला, डबा बंद केला. मशीन चालू केलं आणि ओव्या लावून सोडून दिलं. चहा झाला, आपट्याची पानं देऊन झाली, उन्हं गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावर उतरली. ओव्या थांबल्या नाहीत. डब्यावर हात ठेवला. कोमट. मग मीच तात्यांकडे हात पसरला आणि थोडा भंडारा मागून कपाळाला लावला.

"ताई, मंग ह्येला भंडारा लावायचा कुटं?" निघताना तात्यांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. मी डब्याच्या पुढच्या बाजूला, जिथं जाळी नाही, तिथं मार्करनं एक गोल काढून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशालीचा फोन. निवड झाली! मी दुकानात जागच्या जागी उडी मारली, समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

"आणि पाहुणे? कुणी आलं नाही मध्ये?"

"आले होते की, दसऱ्याचं सोनं द्यायला. पण तात्या सकाळपासून काठी घेऊन ओट्यावर बसलेले. सगळ्यांना बाहेरच थांबवलं. म्हणाले, आत जायाचं न्हाय. सूनबाई ड्युटीवर हाय."

लोक मला विचारतात, नवख्या माणसाला कोणतं लिनक्स चांगलं? घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाला पहिल्या दिवशी एकट्यानं चालू करता येईल ते, असं मी सांगते. आणि माझ्या दुकानातून आता एकही डबा पुढच्या बाजूला गोल काढल्याशिवाय बाहेर जात नाही.