लेखातली आई

गावात मी हुशार होते. शाळेत पहिली, भाषणात पहिली, गणपतीतल्या निबंधस्पर्धेतही पहिली. स्पर्धेत आम्ही मिळून सहा पोरं असायचो, ही गोष्ट वेगळी. जळगावला कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी हुशारी कुठल्या कुठे पळाली. वर्ग गच्च भरलेला. सरांनी प्रश्न विचारला की माझं उत्तर घशापर्यंत येईस्तोवर मागच्या बाकावरचं कुणीतरी सांगून मोकळं व्हायचं. मग मी कोण? बोदवडच्या पुढे मुक्ताईनगरच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या केळीवाल्याची पोरगी. बस्स, एवढीच.

हॉस्टेलात मी मोबाईलवर प्रेरणेचे व्हिडिओ बघायला लागले. एक दाढीवाला दादा रोज ओरडायचा, "स्वतःला ओळखा!" मी पाच मिनिटं स्वतःला ओळखायचे आणि पुढचा तासभर दुसरे व्हिडिओ बघत बसायचे. भिंतीवर एक कागद चिकटवला होता, रोज एक पान लिहायचं म्हणून. लिहिणं तेवढं आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. आता खरं सांगायला हरकत नाही. मला लिहायचं नव्हतंच, मला लेखिका म्हणवून घ्यायचं होतं. लोकांनी वाचावं, वाहवा करावी, आणि मागच्या बाकावरच्यांनी मान वळवून बघावं, एवढीच माझी प्रेरणा.

डिसेंबरात मराठीच्या बाईंनी स्पर्धा लावली. विषय, 'माझी प्रेरणा'. पहिल्या आलेल्या लेखाचं कॉलेजच्या समारंभात वाचन, शिवाय तो वार्षिक अंकात छापून येणार. मी ठरवलं, आईवर लिहायचं. आईवर लिहिलं की लोक रडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

पण माझी आई रडवणारी बाईच नाही हो! ती वडिलांचा जुना शर्ट साडीवरून चढवून केळीच्या बागेत शिरते, आणि घड कापायला आलेले गडी जरा धसमुसळेपणा करायला लागले की असा आवाज देते की पलीकडच्या बांधावरचा माणूससुद्धा हातातलं काम थांबवतो. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन पापड लाटायला आमच्याच ओट्यावर जमतात, कारण आईच्या नकला तिथे फुकटात बघायला मिळतात. दहावी पास आहे. वडिलांना चष्म्याचा कंटाळा, म्हणून पेपर तीच मोठ्यानं वाचून दाखवते, आणि मधे मधे स्वतःच्या पदरच्या चार शिव्याही घालते.

हे लिहून बक्षीस मिळतं का कुठे? मग मी नवी आई तयार केली. तिला निरक्षर केलं. तिच्या पायातल्या चपला काढून घेतल्या. वैशाखाच्या उन्हात तिला अनवाणी कापूस वेचायला लावलं आणि बोटांतून रक्त काढलं. शेवटी ती पदरात तोंड लपवून म्हणते, "पोरी, मी जन्मभर अंगठाच दिला, तू सही करायला शीक." लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. काय लिहितो आपण, असं वाटलं.

माझी खोलीतली मैत्रीण धुळ्याकडची, शेतकऱ्याचीच पोर. तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "वैशाखमा कपाशी? तुमना गावनी कपाशी येडी शे का?"

कापूस दसऱ्यापासून वेचायला येतो, वैशाखात रानात काडीसुद्धा उभी नसते, हे मला काय माहीत नव्हतं? पण दिवाळीनंतरच्या गार हवेत कापूस वेचणाऱ्या बाईची दया कुणाला येणार? मी म्हटलं, "परीक्षकांना काय कळतंय त्यातलं!" तिनं कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "हाई बठ्ठं खोटं तुनी मायले माहीत शे का?" हे सगळं खोटं आईला कळायचं काही कारणच नव्हतं.

परीक्षकांना खरंच कळलं नाही. पहिला नंबर आला. कॉलेजभर नाव झालं, मागच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या, मला आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, "समारंभात तुझ्या आईचा सत्कार करायचा आहे. मी बोलावते त्यांना." झालं! मी लगेच घरी फोन लावला. "आई, तू येऊ नको. गाडीला गर्दी असते. कार्यक्रम काही एवढा खास नाही." ती "बरं" म्हणाली. तिच्या तोंडून नुसतं "बरं" येणं ही काही साधी गोष्ट नव्हती, पण मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी स्वतः फोन करून खूपच आग्रह केला, म्हणून ती आली. लग्नकार्यातली जांभळी साडी, नवी चप्पल, आणि हातात भरताच्या वांग्यांची पिशवी बाईंसाठी. पहिल्या रांगेत बसवलं तिला. मी माईकपाशी उभी राहिले. अजूनही वेळ गेली नव्हती. 'मला बरं नाही' म्हणता आलं असतं, दोन वाक्यं गाळता आली असती. पण सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, आणि तेच तर मला हवं होतं. मी वाचलं. सगळं वाचलं. रक्तसुद्धा.

लोक रडले. आईनं एकदा नव्या चपला साडीखाली ओढून घेतल्या, तेवढं मला वरून दिसलं. मग टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. एका मॅडमनी आईचे दोन्ही हात धरून म्हटलं, "किती सोसलंत हो तुम्ही!" आता ही काहीतरी सणसणीत बोलणार म्हणून मी डोळे मिटले. आई म्हणाली, "हाव, लेकराइसाठी करा लागते."

मग वही आली. सत्कार झालेल्या पालकांनी तीत सही करायची होती. बाईंनी वही पुढे केली, सोबत शाईचा पॅडही ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "अंगठा दिलात तरी चालेल, ताई. लाजू नका." पेन तिथेच वहीत होतं. आईनं पेनाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि अंगठा पॅडवर दाबून वहीत उमटवला.

आजवर आईनं मला दोनदा मारलंय. तो अंगठा त्या दोन्हींपेक्षा जास्त लागला.

रिक्षानं आम्ही स्टेशनला निघालो. जी बाई रिक्षावाल्याच्या गावापासून त्याच्या पोरांच्या शाळेपर्यंत सगळी चौकशी करते, ती पदराच्या टोकानं अंगठा पुसत होती. मीच म्हटलं, "आई, चुकलं माझं. नुसता लेख होता तो. लोकांना असंच आवडतं."

"चांगला व्हता," ती म्हणाली. "त्या लेखातली बाई मले आवडली."

"आई, टोमणे नको ना मारू."

"टोमना नाही वं. खरंच आवडली. बिचारी अडानी, पायात चप्पल नाही, पन तिच्या लेकीले तिची लाज नव्हती. सगळ्याइसमोर छाती काढून सांगत व्हती, ही माही माय म्हनून." मग ती बाहेर बघायला लागली. "माही लेक त मले म्हने, येऊ नको."

मी म्हणणार होते, तसं नाही गं, लेख खोटा होता म्हणून मी नको म्हटलं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिचा तो मोठा आवाज, ते 'मले-तुले', केळीच्या चिकाचे डाग पडलेली तिची पिशवी, हे सगळं कॉलेजच्या फाटकातून आत येऊ नये असं मला जूनपासून वाटत होतं. मी तिला लेखात निरक्षर केलं ते परीक्षकांसाठी. पण आहे तशी तिला कुणाला दाखवायची नव्हती, ते माझ्यासाठी. गाडी आली. तिनं खिडकीतून हात केला, नेहमीसारखं "जेवत जाय" म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं आणि प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी प्रमाणपत्र उचललं आणि परत खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पॅड मी पुढे केला गं. दहावी पास बाईपुढे." त्यांनाही रडू येत होतं. अंकातून लेख काढला. दुसरा आठ दिवसांत दे, म्हणाल्या, खरा. नाही जमला तर नको देऊस.

तीन दिवस बसले. आईचा शर्ट लिहिला, आवाज लिहिला, नकला लिहिल्या. पानभर झालं आणि पुढे सरकेना. ही सगळी बाहेरूनच दिसणारी आई होती. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं एवढी सांगितली असती. दहावी पास झाल्यावर तिला पुढे काय करायचं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एका पोरीला अठरा वर्षांत हे विचारावंसं वाटू नये? स्वतःला ओळखायला निघाले होते मी!

संध्याकाळी, ती बागेतून आली असेल त्या वेळी, फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले. मग धीर करून म्हटलं, "आई, तुला लहानपणी कोण व्हायचं होतं गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"काहून वं?" ती म्हणाली. "परत स्पर्धा हाये का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही गं आई. मलाच पाहिजे."

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी कान लावून बसले. मग ती सांगायला लागली, हळू आवाजात. तिला हळू बोलता येतं, हेही मला माहीत नव्हतं.