अर्धी स्प्रिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको वारली, तिलाही नाही. चौथीपर्यंत शाळा झालेला माणूस मी. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. पण तोंडानं सांगायला गेलो तर मधेच गोष्ट फिरवीन — माझा मला भरवसा नाही. म्हणून लिहून राहिलो.

डोंगरकड्याच्या आजूबाजूला जन्मभर लाइटीची कामं केली. पंखे, मोटारी, शेगड्या. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. झटके खात शिकलो, आणि त्याचाच गर्व. शिकलेल्या माणसानं काही सांगितलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

आमच्याकडं व्होल्टेज कधी पुरत नसे. दोनशे तीस पाहिजे तिथं दीडशे. शेगडीची तार नुसती लालसर व्हायची, चहाला उकळी फुटत नसे. मग मी काय करायचो? शेगडीतली स्प्रिंग, म्हणजे तीच वेटोळ्याची तार, अर्धी कापून टाकायचो. तार आखूड झाली की तिची अडवणूक कमी होते, करंट जास्त जातो, शेगडी फुलते. लोक म्हणायचे, भाऊचा हातगुण. मलाही तसंच वाटायचं. हातगुण कशाचा — पण ते पुढं येईलच.

फाट्यावर वेणूबाईची चहाची टपरी होती. जवळच्या तांड्यावरची बाई, नवरा लवकर गेलेला. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर कापड घेऊन बसायची. आरसे लावून असा कशिदा काढायची की लग्नसराईत लांबलांबून बाया यायच्या. मला भाऊ म्हणायची. तिची शेगडीही मीच स्प्रिंग अर्धी करून दिली. पिन कशी लावायची, कशी काढायची, तेही मीच शिकवलं.

ती शेगडी घरी तपासली तेव्हा माझी पोरगी वंदना शेजारी बसलेली. बारावी सायन्सला होती. मी मीटर लावून आकडे मोठ्यानं सांगितले — व्होल्ट दीडशे, अँपिअर सहा. तिनं वहीत मांडलं. दीडशेला सहानं भागलं, पंचवीस ओहम. ती तारेची अडवणूक. दीडशेला सहानं गुणलं, नऊशे वॅट. मी खूश. बघ, म्हणलं, हजार वॅटची शेगडी, पडक्या व्होल्टेजवर नऊशे देती!

पण पोरगी थांबली नाही.

"आबा, तार पंचवीसचीच राहणार. उद्या व्होल्टेज सव्वादोनशे झालं तर? नऊ अँपिअर. दोन हजारांच्या वर वॅट. आन पिन, बोर्ड तर सहा अँपिअरचंच हाय."

"वंदे, कागदावर चहा उकळतो का गं?"

"न्हाई उकळत. पण वायर जळते."

मी ते पान फाडलं आणि मीटरच्या डब्यात कोंबलं. तिला तकलीफ झाली असेल. तिनं वही मिटली.

वर्षभरानं गावाला नवी डीपी बसली, मोठा ट्रान्सफॉर्मर. बल्ब पांढरेफेक झाले, लोकांनी पेढे वाटले. मी मीटर लावून पाहिलं. सव्वादोनशे. बराबर तेवढंच. त्या क्षणी मला ते पान आठवलं — हे लिहायचं होतं मला. मला ठाऊक होतं. विसरलो असं मनाला कितीदा सांगितलं, पण विसरलो नव्हतो. उठून जायचं, स्प्रिंग बदलायची, अर्ध्या तासाचं काम. पण मग पोरगी खरी ठरली असती. भाऊचा हातगुण चुकला म्हणून फाट्यावर हसले असते. काहून जाऊ?

गेलो. पण चहा प्यायला.

दोनेक दिवस गेले असतील. सकाळची वेळ, मी बाकड्यावर बसलेलो. बोर्डातून धूर निघाला. मी कप ठेवेपर्यंत वेणूबाईनं पिनेला हात घातला. प्लास्टिक वितळलेलं होतं, ते तिच्या बोटांना चिकटलं. मी मेन पाडला, लोक धावले, तिला दवाखान्यात नेलं. आणि कुणीतरी विचारलं, "भाऊ, काय झालं हो?"

मी म्हणालो, "बाईनं ओल्या हातानं पिन धरली."

इतकंच वाक्य. कुणी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. लाइटीतलं मला कळायचं ना! दुपारी टपरीवर कुणी नव्हतं तेव्हा अर्धी स्प्रिंग काढली, पुरी बसवली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या घरांतल्या शेगड्याही बदलल्या. मेंटेनन्स म्हणलो. चहापाणी घेतलं वर.

वेणूबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं आता मिटत नाहीत. सुई धरता येत नाही. टपरी मोडली. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं भाऊ. तुमी म्हणता म्हणजे हात ओला आसंल."

वंदनाला सगळं कळलं होतं. तिनं मला तोंडावर कधी विचारलं नाही. फक्त तेव्हापासून माझ्यासमोर वही उघडली नाही. आता कुरुंद्याला नांदते.

परवा तांड्यावर एका घरी पंखा बसवायला गेलो. नवी सून आली होती घरात. वेणूबाई तिला बटणं दाखवत होती. आपला हात पुढं करून सांगत होती, "बघ पोरी, ओल्या हातानं पिन धरली की आसं होतं. मी येडी, मी न्हाई पुसला." प्रत्येक नव्या सुनेला ती हेच सांगते म्हणे. पोरगी घाबरून त्या बोटांकडं बघत होती. मी स्टुलावर उभा होतो. पंखा बसवला आणि खाली उतरलो.

मीटरच्या डब्यात ते पान आहे. अर्धी स्प्रिंगही आहे. काल तिला मीटर लावला. पंचवीसच.

वेणूबाईचा हात ओला नव्हता. धूर दिसल्यावरही तिनं आधी पदराला दोन्ही हात पुसले, मग पिन धरली. मी बाकड्यावरून पाहिलं. मीच तसं शिकवलं होतं तिला.